चाळीस आठवड्यांची डायरी : आधी पेन्सिलनेच भरा

दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात जाऊबाईंनी ही डायरी हातात ठेवली. आठवड्याला दोन पानं, जाड पुठ्ठ्याचं कव्हर, बंद करायला रबरी पट्टा. मी हौसेने पेन घेऊन बसले आणि पहिल्याच पानावर अडले. 'आठवडा १ : बाळाला आज काय सांगावंसं वाटतंय?' पहिल्या आठवड्यात बाळ कुठलं आलंय! मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, म्हणजे सुरुवातीचे साधारण दोन आठवडे पोटात कुणीच नसतं. छापणाऱ्याला हे ठाऊक नसावं किंवा पानं भरायची असावीत. मला कळलं तेव्हा पाचवा आठवडा चालू होता. पहिली आठ पानं कोरी ती कोरीच.

दुसरा घोळ तारखेचा. कव्हरच्या आतल्या बाजूला सूचना आहे की पाळीच्या तारखेत ९ महिने ७ दिवस मिळवा. हा नेगेले नावाच्या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने चालत आलेला जुना नियम. माझी ४ मार्च, म्हणून उत्तर ११ डिसेंबर. त्याच्याच खाली लिहिलंय, 'म्हणजेच २८० दिवस.' नवऱ्याने बोटांवर २८० मोजले तर ९ डिसेंबर आली. दोघेही बरोबर होतो, महिने कधी ३० चे तर कधी ३१ चे, त्यात दोन दिवस इकडचे तिकडे होतात. खरी गंमत पुढे आहे. हे सगळं गणित २८ दिवसांच्या पाळीवर बेतलेलं, आणि माझी पाळी ३५-३६ दिवसांनी येणारी. बाराव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी झाली, बाळाची लांबी मोजली आणि तारीख १७ डिसेंबर ठरली. तोवर मी शहाणीने चाळीसच्या चाळीस आठवड्यांच्या तारखा बॉलपेनने लिहून टाकल्या होत्या. डायरीभर खाडाखोड आहे. पहिली सोनोग्राफी होईपर्यंत पेन्सिल, हे कव्हरवरच छापायला हवं होतं.

कागदाबद्दल तक्रार नाही. शाई मागे उमटत नाही, डायरी पूर्ण उघडून सपाट पडते. सातव्या महिन्यानंतर डाव्या कुशीवर पडून लिहायची वेळ आली की या गोष्टीचं मोल कळतं. दर आठवड्याला बाळाची तुलना कुठल्यातरी फळाशी केलेली आहे, ती मात्र मी दहाव्या आठवड्यानंतर वाचायची सोडली. एका आठवड्याचं फळ मागच्या आठवड्यापेक्षा लहान निघालं तेव्हा उगाच पोटात गोळा आला होता.

डायरी वसूल झाली ती एका रटाळ तक्त्यामुळे. शेवटच्या पानांवर तारीख, वजन, बीपी आणि 'डॉक्टरांना विचारायचं' असे चार रकाने आहेत. तपासणीच्या खोलीत शिरलं की डोकं रिकामं होतं हा माझा अनुभव, म्हणून चौथा रकाना मी रात्री-अपरात्री भरायचे. 'पायाला गोळे येतात, चालेल का?' 'लोहाची गोळी आणि कॅल्शियमची एकत्र घ्यायची का?' (नाही, मध्ये काही तासांचं अंतर ठेवायचं.) बीपी नुसतं सवयीने उतरवत गेले. चौतिसाव्या आठवड्यात बाहेर नंबर यायची वाट बघताना रकान्यावरून नजर फिरली : ११०/७२, ११८/७६, १२६/८२, १३४/८६. सुटा आकडा बघितला तर प्रत्येक वेळी 'ठीक आहे.' एकाखाली एक बघितलं तर नुसता चढ. डॉक्टरबाईंना पान दाखवलं. जास्त बीपीची १४०/९० ची रेघ ओलांडलेली नव्हती, तरी त्यांनी घरी रोज मोजायला सांगितलं, लघवीतली प्रथिनं तपासली आणि पुढची भेट अलीकडे ओढली. फाइलमध्ये हेच आकडे होते, पण वेगवेगळ्या कागदांवर.

वजनाचा आलेख मात्र फाडून टाकण्याच्या लायकीचा. सगळ्यांना एकच रेघ! किती वजन वाढावं हे आधीच्या वजनावर आणि उंचीवर ठरतं. २००९ च्या अमेरिकी शिफारशींमध्ये बेताच्या वजनाच्या बाईला साधारण ११.५ ते १६ किलो, आधीच जास्त असलेल्या बाईला ७ ते ११.५ किलो असं वेगवेगळं दिलंय. मी दुसऱ्या गटातली, त्यामुळे डायरीच्या हिशेबाने मी सतत 'कमी.'

बाळाच्या हालचालींच्या पानाबद्दल तर मला रागच आहे. दहा गोल काढलेत, प्रत्येक हालचालीला एक रंगवायचा, आणि खाली ओळ : 'बारा तासांत दहा न भरल्यास डॉक्टरांना कळवा.' मी हे विचारलं तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "बारा तास कसली वाट बघताय? तुमचं बाळ रोज कधी, किती हलतं ते तुम्हाला माहीत झालंय ना? त्यापेक्षा कमी वाटलं की लगेच फोन, रात्रीचे दोन असले तरी." ती ओळ मी खोडून वर हे लिहिलं. डायरी पुढे नणंदेकडे जाणार आहे, तिच्यासाठी लाल शाईत.

मागच्या प्लास्टिकच्या खिशात सोनोग्राफीचे फोटो ठेवू नका. तो थर्मल कागद असतो, उष्णतेने आणि प्लास्टिकला लागून फिका पडतो. माझा पहिला फोटो आता राखाडी डाग आहे. आधी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

सदतिसाव्या आठवड्यात बीपी १४४/९२ झालं, पुन्हा मोजलं तरी तेच, आणि कळा आणायचं ठरलं. लेक १ डिसेंबरला झाली, ३७ आठवडे ५ दिवसांची. त्यामुळे शेवटचे दोन आठवडेही रिकामे राहिले असते. एकोणचाळिसाव्या आठवड्याच्या पानावर मोठ्या अक्षरात छापलंय, 'आता फक्त वाट बघायची!' त्याच्याखाली माझं अक्षर आहे, वेडंवाकडं : २.१० डावीकडे, ४.२५ उजवीकडे, ५.५० पुन्हा डावीकडे, शू दोनदा.