मोगऱ्यासोबत आलेला वाळा : सिंहगड रस्त्यावरील एका रोपवाटिकेचा अनुभव

जुलैच्या पहिल्या आठवड्यात या रोपवाटिकेतून मोगऱ्याची दोन रोपे मागवली. वाळ्याच्या गवताचे रोपही हवे होते, पण ते शिल्लक नव्हते. रोपे सांगितलेल्या दिवशी घरपोच आली, कळ्यांनी भरलेली होती आणि दरही वाजवी होता. त्याबद्दल तक्रार नाही.

मोठ्या कुंडीत लावण्यासाठी पहिले रोप गोळ्यासकट उपसले, तेव्हा मुळांच्या जाळ्यातून जेमतेम साडेपाच इंच लांब, बॉलपेनच्या रिफिलपेक्षा किंचित जाड असा एक काळसर जीव वळवळत बाहेर पडला. दूरध्वनी केल्यावर, ते गांडूळ असेल, असे उत्तर मिळाले. छायाचित्र पाठवल्यावर मात्र हे सापाचे पिल्लू असून कानात शिरते, तेव्हा त्यावर फिनेल ओता, असा सल्ला आला. दोन्ही उत्तरे चुकीची होती.

गांडुळाच्या अंगावर कडी असतात आणि ते ओलसर असते. याच्या अंगावर बारीक, चकचकीत खवले होते, जीभ लपलपत होती आणि डोळ्यांच्या जागी खवल्यांखाली दोन काळे ठिपके दिसत होते. तळहातावर घेताच त्याने शेपटीचे अणकुचीदार टोक रुतवले. तो दंश नव्हे, केवळ मातीत रेटा देण्याचे त्याचे साधन. हा वाळा, म्हणजे गवत नव्हे तर त्याच नावाचा छोटासा साप, पिल्लू नसून पूर्ण वाढलेला आणि बिनविषारी. मुंग्या व वाळवीची अंडी आणि अळ्या हे त्याचे खाद्य. माणसाला चावण्याइतके त्याचे तोंडच नाही. मराठीने त्याला पुल्लिंगी नाव दिले असले, तरी या जातीत आजवर फक्त माद्याच आढळल्या असून त्या नराशिवाय अंडी घालतात. त्यामुळे कुंडीच्या मातीतून गेलेली एकच मादी नव्या मुलखात वंश रुजवू शकते, आणि दक्षिण आशियातला हा साप अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत पोहोचला तो बहुतांशी असाच. म्हणजे माझ्या गच्चीवर घडले ते नेहमीचेच.

तेव्हा रोपांना पाचपैकी साडेचार गुण देतो. सल्ल्याला एकही नाही, कारण फिनेलने वाळा मेला असताच, शिवाय मोगराही गेला असता. वाळ्याला सोसायटीच्या बागेत पाल्याच्या ढिगाखाली सोडले, तो पाच-सहा सेकंदांत दिसेनासा झाला. दुसरी कुंडी अजून उपसलेली नाही.