लेझर थेरपीतली फसवणूक : ‘एका बिंदूवर किती जूल?’ हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका

लो लेव्हल लेझर थेरपीच्या, म्हणजे मंद लेझर प्रकाशाने दुखण्यावर वा जखमेवर करायच्या उपचाराच्या नावाखाली फसलेल्यांच्या हकिगती ऐकल्या तर प्रकार जवळपास एकच निघतो. दुखणं जुनं असतं : गुडघा, मान, टाच, नाहीतर महिनोन्महिने न भरणारी जखम. पहिलं सिटिंग फुकट मिळतं. दुखऱ्या जागेवरून लाल दिवा फिरतो, ऊब लागते, बरं वाटतं. मग तीस सिटिंगचं पॅकेज गळ्यात पडतं, पैसे आगाऊ. नाहीतर घरी न्यायचं यंत्र. फरक पडला नाही की उत्तर तयारच असतं, ‘शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडताहेत, चालू ठेवा.’ यंत्र परत करायची मुदत असते तीस दिवस, आणि गुण यायला लागतात म्हणे तीन महिने. तोवर मुदत टळलेली असते.

या धंद्याचं फावतं, कारण उपचार मुळात खोटा नाही. बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर यांनी १९६७ साली केस काढलेल्या उंदरांवर रुबी लेझरचा मंद प्रकाश टाकला, तेव्हा त्या जागी केस लवकर उगवले. पुढे जखमांवर काम झालं. कॅन्सरच्या उपचारात तोंडात होणारे व्रण टाळण्यासाठी आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत या प्रकाशाला जागा आहे. मानेच्या दुखण्यावर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली आलेल्या आढाव्यात फायदा दिसला. गुडघ्याच्या झिजेबाबत निकाल संमिश्र आहेत, आणि त्यामागचं एक मोठं कारण डोस. अभ्यासात वापरलेला डोस वेगळा आणि विकल्या जाणाऱ्या यंत्रातून मिळणारा वेगळा, नेमकी इथेच लबाडी होते. विकणारा अभ्यास दाखवतो खऱ्या डोसचा आणि हातात देतो भलतंच यंत्र.

डोस म्हणजे त्या जागी दिलेली प्रकाशाची ऊर्जा, ती मोजतात जूलमध्ये. हिशोब सोपा आहे : वॅटमधली शक्ती गुणिले सेकंद. १०० मिलिवॅटचा प्रोब, म्हणजे प्रकाश सोडणारं टोक, एका जागी ४० सेकंद धरला की ४ जूल. जागतिक लेझर थेरपी संघटनेच्या, म्हणजे ‘वॉल्ट’च्या २०१० सालच्या तक्त्यात ७८० ते ८६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेझरसाठी बहुतेक सांध्यांना आणि स्नायूबंधांना एका बिंदूवर किमान ४ जूल सुचवलेत, तेही रोज दोन आठवडे किंवा एक दिवसाआड तीन-चार आठवडे. आता मनगटावर बांधायच्या ‘लेझर घड्याळा’चा हिशोब करा. त्यातला एक डायोड, म्हणजे प्रकाश देणारा बारीक घटक, साधारण ५ मिलिवॅटचा, ६५० नॅनोमीटरचा. मिनिटभरात मिळतात ०.३ जूल. ४ जूल द्यायचे तर एका बिंदूवर तेरा मिनिटं वीस सेकंद लागतील, आणि गुडघ्याचे चार बिंदू धरले तर त्रेपन्न मिनिटं. त्यातही ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा वरच्या थरांतच शोषला जातो. वरवरच्या जखमेला तो चालतो, खोलवरच्या सांध्यासाठी ८०० च्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश लागतो. त्या घड्याळाने ‘रक्त शुद्ध होतं, साखर उतरते’ असं कुणी सांगितलं तर तिथूनच उठा.

दुसरी चलाखी असते एकूण वॅट सांगण्याची. हातात धरायच्या यंत्राच्या तोंडाशी समजा १२ लाल डायोड आहेत ५ मिलिवॅटचे आणि ४ अदृश्य आहेत २०० मिलिवॅटचे. बेरीज होते ८६० मिलिवॅट, आणि खोक्यावर सरळ १००० छापलेलं असतं. बेरीज खरी मानली तरी ती सगळ्या तोंडावर पसरलेली शक्ती आहे, एका बिंदूला तेवढी मिळत नाही. पल्स मोड लावला आणि दिवा अर्धा वेळ बंद राहिला की सरासरी निम्म्यावर येते. बॅटरी उतरली, डायोड तापले, की आणखी घट. बऱ्याच स्वस्त यंत्रांत तर डायोड लेझरचे नसतातच, साधे एलईडी असतात. एलईडीचा प्रकाश निरुपयोगी असतो असं नाही, पण लेझर म्हणून, लेझरच्या भावात तो विकणं ही उघड फसवणूक आहे.

सगळ्यात बेमालूम आकडा असतो ९०४ नॅनोमीटरच्या सुपरपल्स्ड, म्हणजे अतिसूक्ष्म झटक्यांत प्रकाश सोडणाऱ्या यंत्राचा. ‘२५ वॅट!’ असं ठळक लिहिलेलं असतं. ते खोटंही नसतं, फक्त ती एका झटक्याची कमाल शक्ती असते. झटका २०० नॅनोसेकंदांचा आणि सेकंदाला १००० झटके असतील तर २५ गुणिले ०.००००००२ गुणिले १०००, म्हणजे सरासरी ५ मिलिवॅट. डोस धरायचा तो सरासरीवर. या लेझरला लागणारे जूल कमी असतात हे खरं, पण विकणारा २५ वॅट धरून ‘दोन मिनिटांत काम’ सांगतो तेव्हा तो तुम्हाला पाच हजार पट फुगवलेला आकडा विकत असतो.

याच्या उलट, भरमसाट डोस देऊनही काम बिघडतं. कमी प्रकाशाने काहीच होत नाही, ठरावीक पट्ट्यात फायदा होतो, आणि त्यापुढे गेलं की परिणाम घटतो. ५०० मिलिवॅटच्या वरची यंत्रं लेझरच्या सुरक्षा वर्गवारीत चौथ्या, सर्वांत धोक्याच्या वर्गात मोडतात, त्यांनी त्वचा भाजू शकते. तिथे लागणारी ऊब म्हणजे गुण नव्हे. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असेल तर भाजल्याचं कळतही नाही.

क्लिनिकमध्ये काय बघायचं? प्रोब त्वचेला टेकवून, काटकोनात, थोडा दाबून धरला पाहिजे. हवेत चार बोटं वर धरून फिरवला तर बराच प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. कपड्यावरून तर विषयच संपला. चष्मा तुम्हालाही हवा आणि देणाऱ्यालाही, आणि त्यावर तरंगलांबी व ओडी (तो प्रकाश चष्मा किती अडवतो) हा आकडा छापलेला हवा. यंत्रासोबत फुकट येणारा, काहीही न लिहिलेला हिरवा प्लास्टिकचा चष्मा ८०८ नॅनोमीटरला अडवेलच याचा भरवसा नाही. अदृश्य प्रकाशाला पापणी मिटत नाही, त्यामुळे डोळ्याला धोका जास्त. शेवटी कागदावर लिहून मागा : तरंगलांबी, सरासरी शक्ती, एका बिंदूला सेकंद, बिंदू किती. ज्याला उपचार येतो तो हे उभ्या उभ्या सांगतो.

घरच्या यंत्राचा अदृश्य डायोड पेटतो का, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून कळतं. प्रकाश पांढऱ्या कागदावर पाडा, कॅमेऱ्यात जांभळट ठिपका दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढचा वापरा. तोंड डोळ्याकडे कधीही करू नका. यातून शक्ती मात्र कळत नाही. ती कळते फक्त लेझर पॉवर मीटरने, आणि मोजायची ती दोनदा : चालू केल्याबरोबर आणि वीस मिनिटं चालल्यावर.

प्रमाणपत्रांचंही तसंच. ‘एफडीए रजिस्टर्ड’ म्हणजे कंपनीने अमेरिकेच्या औषध व वैद्यकीय उपकरण नियामकाकडे, एफडीएकडे, नाव नोंदवलं, एवढंच. एफडीए त्याचं प्रमाणपत्र देत नाही, त्यामुळे सोनेरी शिक्क्याचा कागद दिसला की तो कुणी तरी स्वतः छापलेला समजा. खरी परवानगी एफडीएच्या यादीत के (K) अक्षर आणि पुढे सहा अंक अशा क्रमांकाने शोधता येते, आणि तिथे वापराचा उद्देश वाचा. पुष्कळदा तो निघतो, ‘स्नायू व सांध्यांच्या किरकोळ दुखण्यात तात्पुरता आराम’. जाहिरातीत मात्र यादी मधुमेहापासून कॅन्सरपर्यंत. अमेरिकेत साउथ डकोटातल्या एका माजी दंतवैद्याने अशीच यंत्रं २०० हून अधिक आजारांवर चालतात म्हणून मुख्यतः वृद्धांना विकली. कोर्टाने मनाई केल्यावरही विक्री थांबली नाही. २०१८ साली त्याला १२ वर्षांची कैद झाली.

पैसे गेले तर निदान तेवढ्यावर निभावतं. पण मधुमेही पायाच्या जखमेत लेझरच्या भरवशावर महिने घालवले तर पाय जाऊ शकतो. तिथे आधी मृत भाग काढणं, पायावरचा भार हलका करणं, जंतुसंसर्ग आणि रक्तपुरवठा तपासणं, साखर आवरणं. चार आठवड्यांत जखम निम्म्याने लहान झाली नाही, तर लेझर चालू असो वा नसो, डॉक्टरांकडून उपचार नव्याने तपासून घ्या. कॅन्सरच्या ज्ञात गाठीवर, डोळ्यांवर किंवा गरोदरपणात पोटावर हा प्रकाश टाकू देऊ नका.

यंत्र आधीच घेतलं असेल तर त्याचे स्क्रू काढून आत बघू नका, परताव्याचा हक्क जाऊ शकतो. बिल, खोकं, यंत्रावरच्या आकड्यांचे फोटो आणि जाहिरातीतल्या दाव्यांचे स्क्रीनशॉट आजच जपून ठेवा, कारण तक्रार गेली की वेबसाइटवरचा मजकूर बदलतो. मग विक्रेत्याला लेखी विचारा : सरासरी शक्ती किती, आणि मोजमापाचा अहवाल कुठे आहे. मुदतीच्या आत पाठवलेलं हे पत्र आणि त्याला न आलेलं उत्तर, दोन्ही ग्राहक तक्रारीला जोडता येतात.