80डीचं सर्टिफिकेट हातात होतं, पॉलिसी मात्र नव्हती

इचलकरंजीत माझं मोटर रिवाइंडिंगचं छोटं वर्कशॉप आहे. बायको घरी शिवणक्लास घेते. दोघांनाही नोकरी नाही, म्हणजे कंपनीचा मेडिक्लेम नाही. म्हणून 2019 साली आम्ही दोघं आणि मुलगा अशी फॅमिली फ्लोटर, म्हणजे तिघांना मिळून एकच 5 लाखांची आरोग्य विमा पॉलिसी घेतली. एजंट आमच्याच गल्लीतला, सणासुदीला घरी जेवायला येणारा. पहिली चार वर्षं हप्ता चेकने थेट कंपनीच्या नावे गेला.

2023 च्या मार्चमध्ये तो वर्कशॉपवर आला. "दादा, मार्च एंड आहे, साइट चालत नाही. रोख द्या, मी माझ्या आयडीवरून भरतो. थोडी सूटही बसवतो." मी गल्ल्यातून 22,500 रुपये मोजून त्याच्या हातात दिले. एजंटाने अशी सूट देणं विमा कायद्यात बसत नाही. आरोग्य विम्याच्या हप्त्यावर आयकरात 80डी कलमाची वजावट मिळते, पण रोख भरलेल्या हप्त्यावर तीही मिळत नाही. रोख चालते ती फक्त प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीला, 5,000 रुपयांपर्यंत. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. आठवड्याने व्हॉट्सअ‍ॅपवर 80डीचं सर्टिफिकेट आलं. कंपनीचा लोगो, पॉलिसी नंबर, 'पेमेंट मोड: ऑनलाइन'. मी ते तसंच सीएंना पाठवलं. पुढे 2024 आणि 2025 ला 24,000 रुपये, तेही रोखच.

2024 ला त्याने दोन सर्टिफिकेटं दिली, एक माझ्या नावाचं, एक बायकोच्या. "वहिनींच्या रिटर्नलाही लावा, दोघांना पंचवीस-पंचवीस हजार मिळतात." 25,000 ची मर्यादा नवरा-बायकोला वेगवेगळी असते हे खरं. पण एकच हप्ता दोघांनी दाखवायचा नसतो. ज्याने जेवढा भरला, त्याला तेवढी वजावट. बायकोचं उत्पन्न करपात्र नव्हतं म्हणून तो कागद कपाटात पडून राहिला. एका हप्त्याचे दोन दाखले देणारा माणूस सरळ नाही, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

कळलं ते 2025 च्या ऑगस्टमध्ये. मला घरकर्जाचं व्याज असल्याने सीए माझं रिटर्न जुन्या कररचनेत भरतात. नव्या रचनेत 80डी नाहीच. त्या वर्षापासून रिटर्नमध्ये 80डीसाठी विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर भरणं आलं. त्यासाठी त्यांनी तिन्ही वर्षांचे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "पावती नंबर तिन्ही वर्षं एकच कसा?" मी चष्मा लावून पाहिलं. बदलली होती ती फक्त तारीख आणि रक्कम, आणि तेवढेच आकडे बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा जाड होते.

तिथूनच कस्टमर केअरला फोन लावला. "सर, हप्ता न भरल्याने ही पॉलिसी एप्रिल 2023 मध्येच लॅप्स झाली, बंद पडली आहे." माझे हातपाय गार पडले. अडीच वर्षं मी चालू करंटवर मोटरी तपासत होतो, मुलगा रोज बाइकवर कॉलेजला जात होता, आणि आमच्यामागे काहीच नव्हतं. नूतनीकरणाचे एसएमएस मला का आले नाहीत, तेही कळलं. 2019 च्या फॉर्मवर मोबाइल आणि ईमेल एजंटाचा होता. मी कोऱ्या फॉर्मवर सही केली होती.

तुमची पॉलिसी एजंट सांभाळत असेल तर आजच कंपनीच्या नंबरवर स्वतः फोन करा. पॉलिसी चालू आहे का आणि तिला कोणाचा मोबाइल जोडला आहे, हे दोन्ही विचारा. नंबर कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या, एजंटाने दिलेला नको. हप्ता स्वतःच्या खात्यातून थेट कंपनीलाच भरा. नूतनीकरणाची तारीख उलटल्यावर हप्ता भरायला साधारण 30 दिवसांची सवलत असते. ती गेली की जुनी वर्षं पुसली जातात, नवी पॉलिसी पहिल्या दिवसापासून मोजली जाते.

2024-25 ची वजावट आम्ही घेतलीच नाही. आधीच्या दोन वर्षांची चुकीने घेतलेली होती, त्यासाठी अद्ययावत (अपडेटेड) रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू भरलं. वाचलेला कर व्याजासह परत केला, आणि त्यावर पहिल्या वर्षासाठी 50 टक्के, दुसऱ्यासाठी 25 टक्के जादा कर. सीए म्हणाले, नोटीस येण्याआधी आपणहून गेलो म्हणून एवढ्यावर भागलं. चुकीची माहिती दिल्याचा दंड 200 टक्क्यांपर्यंत जातो. एजंटाच्या खोटेपणाचा भुर्दंड माझ्या पॅनवर बसला, कारण रिटर्नवर सही माझी.

कंपनीकडे, विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या तक्रार पोर्टलवर आणि पोलिसांत तक्रार दिली आहे. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच होता, पैसे दिल्याचा पुरावा काय. रोख रकमेचा माझ्याकडे पुरावा नाही, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्याचे संदेश आहेत.

ऑक्टोबरमध्ये नवीन पॉलिसी घेतली. बायकोला 2024 मध्ये बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या. जुनी पॉलिसी चालू असती तर तो आजार पॉलिसीनंतरचा धरला गेला असता. आता तो आधीपासूनचा आजार ठरला, आणि त्याला तीन वर्षांचा वेटिंग पीरियड आहे, म्हणजे ऑक्टोबर 2028 पर्यंत त्या आजाराचा खर्च कंपनी देणार नाही.