लाल पट्टीतले गेम : ‘प्लेस्टेशन हिट्स’चा काही महिन्यांचा अनुभव

प्लेस्टेशन ४ या आपल्या गेम खेळण्याच्या यंत्रावरील भरपूर खपलेले गेम कमी किमतीत पुन्हा बाजारात आणण्यासाठी सोनीने २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेत ‘प्लेस्टेशन हिट्स’ सुरू केले आणि एके काळी ६० डॉलरला विकले जाणारे गेम तेथे २० डॉलरला मिळू लागले. पहिल्या प्लेस्टेशनच्या काळापासून अमेरिकेत ‘ग्रेटेस्ट हिट्स’, युरोपात ‘प्लॅटिनम’ आणि जपानमध्ये ‘द बेस्ट’ या नावांनी हेच चालत आले आहे. यातील ब्लडबोर्न, होरायझन झीरो डॉन आणि गॉड ऑफ वॉर हे तीन गेम मी गेले काही महिने प्लेस्टेशन ५ वर खेळतो आहे.

किमतीविषयी तक्रार नाही. या मालिकेत खोक्यावरची नेहमीची निळी पट्टी लाल झालेली काही संग्राहकांना खुपते. मला त्याचे सोयरसुतक नाही. खरा प्रश्न आत काय मिळते हा आहे, आणि त्याचे उत्तर ही पट्टी देत नाही. होरायझनची ‘कम्प्लीट एडिशन’च या मालिकेत असल्याने ‘द फ्रोझन वाइल्ड्स’ हा विस्तार, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडलेला भाग, त्याच पैशांत मिळतो. ब्लडबोर्नच्या माझ्या डिस्कवर मात्र केवळ २०१५ चा मूळ गेम आहे. ‘द ओल्ड हंटर्स’ हा विस्तार वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि त्याचे दार मूळ गेममधल्या व्हिकर अमेलिया या बलाढ्य शत्रूला हरवल्यानंतरच उघडत असल्याने, गेमची पुरती गोडी लागलेली असते नेमक्या त्याच वेळी खिशात पुन्हा हात घालावा लागतो. लुडविग आणि लेडी मारिया या शत्रूंशी होणाऱ्या लढती त्याच भागात असल्यामुळे तो टाळणे मला तरी जमले नाही.

गॉड ऑफ वॉरला २०२१ च्या फेब्रुवारीत आलेल्या अपडेटमुळे प्लेस्टेशन ५ वर सेकंदाला ६० फ्रेम (चित्रे) मिळतात आणि जुनी डिस्क असूनही नायक क्रेटॉसची कुऱ्हाड हातात परत येतानाची हालचाल अगदी सफाईदार दिसते. ब्लडबोर्न अजून ३० फ्रेमवरच अडले आहे.

ऑनलाइन सेलमध्ये हेच गेम कधी कधी याहून स्वस्त असतात, पण डिस्क मित्राला देता येते आणि खेळून झाल्यावर विकताही येते. डिस्क ड्राइव्ह नसलेले यंत्र असेल तर अर्थातच हा विषय मिटला. होरायझन आणि गॉड ऑफ वॉर निःशंकपणे घ्यावेत. ब्लडबोर्न घेताना विस्ताराची किंमत आधीच हिशेबात धरावी, किंवा दोन्ही एकत्र असलेली ‘गेम ऑफ द इयर’ आवृत्ती जुन्या बाजारात शोधावी.