लंडन की पॅरिस? खिसा बघून ठरवायचं असेल तर

युरोपातलं एकच मोठं शहर, हाताशी आठवडाभराची रजा आणि बजेट आधीच ठरलेलं, असं असलं की बहुतेक घरांत दोन नावांवर गाडी अडते: लंडन आणि पॅरिस. त्यातही ‘लंडन महाग’ हे गृहीत धरून बरेच जण पॅरिसकडे कलतात. ते अर्धंच खरं आहे. लंडनमध्ये राहायला आणि फिरायला जास्त पैसे लागतात, पण बघायला फारसे लागत नाहीत. पॅरिसमध्ये रोजचा खर्च आटोक्यात राहतो, पण बघण्यासारख्या बहुतेक दारांवर तिकीट आहे. त्यामुळे कुठलं शहर स्वस्त, यापेक्षा तुमचा दिवस कसा जाणार आहे, यावर हिशेब ठरतो.

खाली दिलेले बहुतेक दर २०२५ चे आहेत. पॅरिसचं प्रवासभाडं जानेवारीत वाढतं, लंडनचं साधारण मार्चमध्ये, तेव्हा थोडी भर धरून चाला. पाउंड ११५-१२० रुपयांच्या घरात आणि युरो शंभराच्या वर, असं समजून पुढे वाचा.

व्हिसा: पहिला फरक इथेच पडतो

ब्रिटनचा सहा महिन्यांचा पर्यटक व्हिसा एप्रिल २०२५ पासून १२७ पाउंडांचा झाला. फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो, त्याचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो. सहा वर्षांखालच्यांना शुल्कच नाही. ब्रिटनमध्ये लहान मुलालाही पूर्ण शुल्क पडतं. म्हणजे आई-बाबा आणि दोन शाळकरी मुलं असतील, तर व्हिसातच काही हजारांचा फरक पडतो. दोन्हीकडे अर्ज नाकारला गेला तर पैसे परत मिळत नाहीत.

शेंगेनला किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा सक्तीचा आहे. तो काही फार महाग नसतो, आणि ब्रिटनला सक्ती नसली तरी विम्याशिवाय जाऊ नये. शेंगेनचा खरा फायदा वेगळाच: एका व्हिसात २९ देश. पॅरिसहून सकाळच्या बसने ब्रसेल्सला जाऊन रात्री परत येता येतं. लंडनच्या व्हिसावर एडिंबरा होईल, बेल्फास्ट होईल, पण शेंगेनचे देश नाहीत.

अर्जाची वेळही सारखी नाही. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ब्रिटनचा फक्त तीन महिने आधीपासून. मे महिन्याची सुट्टी गाठायची असेल, तर पॅरिसवाल्यांना डिसेंबरातच कामाला लागता येतं आणि विमानाचं तिकीटही त्या अंदाजाने काढता येतं. ही सोय पैशांत मोजता येईल अशी आहे.

राहणं: नातेवाईक असतील तर वाद संपला

हॅरो, हाउन्सलो किंवा स्लाउला मावसभाऊ असेल आणि त्याच्या घरात एक खोली रिकामी असेल, तर हा लेख इथेच मिटवा आणि लंडनला जा. राहण्याचा खर्च हा सहलीतला विमानाच्या बरोबरीचा मोठा आकडा असतो. फ्रान्समध्येही ओळखीच्यांकडे उतरता येतं, पण यजमानाला आपल्या नगरपालिकेतून शुल्क भरून निवासाचा अधिकृत दाखला काढून तुम्हाला पाठवावा लागतो. पॅरिसमधल्या कुणालाही हे सांगताना जरा जीभ चाचरते.

हॉटेलातच राहायचं असेल तर मात्र पारडं पॅरिसकडे झुकतं, आणि त्याचं कारण हॉटेलपेक्षा रेल्वेच्या तिकिटात आहे. जानेवारी २०२५ पासून पॅरिस आणि भोवतालच्या सगळ्या प्रदेशात मेट्रो, उपनगरी रेल्वे आणि आर.ई.आर. (शहराच्या आरपार उपनगरांपर्यंत धावणारी जलद रेल्वे) यांचं एकेरी तिकीट सरसकट २.५० युरो झालं, अंतर कितीही असो. (विमानतळ तेवढे वगळलेत.) पूर्वी शहराच्या हद्दीबाहेर राहिलं की हॉटेलात वाचलेले पैसे रेल्वेत जायचे. आता माँत्रई, सँ-देनी, ला देफाँस अशा ठिकाणी खोली घेतली तरी भाडं तेच. ला देफाँस हा कार्यालयांचा भाग असल्याने शनिवार-रविवारी तिथल्या हॉटेलांचे दर उतरतात, आणि मेट्रोची एक नंबरची लाइन तिथून थेट लुव्र संग्रहालयाला जाते. हॉटेलच्या बिलात माणशी, दर रात्रीचा पर्यटन कर वेगळा येतो. तो हॉटेलच्या ताऱ्यांनुसार बदलतो आणि बुकिंगच्या वेळी दिसणाऱ्या आकड्यात बऱ्याचदा नसतो.

लंडन मधल्या झोन १ पासून बाहेरच्या दिशेने झोनांत वाटलेलं आहे, आणि झोन जसा बाहेरचा तसं भाडं चढतं. दिवसभर कितीही फिरा, झोन १-२ मध्ये ८.९० पाउंडांच्या वर पैसे कापत नाहीत. हीच मर्यादा झोन १-४ ला १२.८० पाउंडांवर जाते. चौघांचे सहा दिवस धरले तर फरक शंभर पाउंडांजवळ पोचू शकतो. त्यामुळे लंडनमध्ये लांबची स्वस्त खोली घेण्याआधी ही बेरीज करा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथली बरीच विद्यापीठं वसतिगृहाच्या खोल्या पर्यटकांना देतात. खोली साधी असते, पण जागा अगदी मोक्याची.

फिरणं

लंडनची पद्धत बिनडोक सोपी आहे, आणि हे कौतुकाने म्हणतोय. फोरेक्स किंवा कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवा, आत जा, बाहेर पडताना पुन्हा टेकवा. हिशेब यंत्रणा करते आणि मर्यादा गाठली की पैसे कापणं थांबतं. प्रत्येकाला स्वतःचं कार्ड हवं आणि दिवसभर तेच वापरायला हवं, एवढंच लक्षात ठेवा. खर्च खरा वाचतो तो लाल बसमध्ये: एक प्रवास १.७५ पाउंड, त्यातही पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बसेस बदला, जादा पैसे नाहीत. दिवसभर फक्त बसनेच फिरलात तर ५.२५ पाउंडांवर गोष्ट संपते. वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडली की पर्यटकांच्या उघड्या बसचे पैसे वाचले. तिकीट काढणाऱ्या मोठ्या माणसासोबतची अकरा वर्षांखालची मुलं ट्यूबमध्ये (भुयारी रेल्वेत) आणि बसमध्ये फुकट.

हीथ्रोहून शहरात यायला तीन रेल्वे आहेत. दिमाखदार एक्सप्रेसच्या जाहिराती तुम्हाला विमानातून उतरल्या उतरल्या दिसतील. तिचे दर बघून ट्यूबच्या पिकॅडिली लाइनची पाटी शोधा. वेळ जास्त लागतो, पण झोन १ पर्यंत ५.८० पाउंड.

पॅरिसमध्ये थोडं डोकं चालवावं लागतं, पण वाचतंही जास्त. ‘नाव्हिगो’चा आठवड्याचा पास ३१.६० युरोंचा आणि फोटोसहित कार्डाचे एकदाच ५ युरो. त्यात सगळे झोन, मेट्रो, बस, व्हर्सायच्या राजवाड्याकडे जाणारी रेल्वे आणि विमानतळही येतो. शार्ल द गोल विमानतळाचं नुसतं एकेरी तिकीट १३ युरो आहे. जाऊन-येऊन २६ झाले, म्हणजे उरलेल्या साडेपाच-सहा युरोंत आठवडाभर शहर तुमचं. मेख एकच: पास सोमवार ते रविवार चालतो. गुरुवारी उतरलात तर चार दिवसांत संपतो. म्हणून पॅरिसचं विमान निवडताना सोमवारी किंवा मंगळवारी पोचणारं बघा, तिकीट हजार-दोन हजारांनी महाग असलं तरी. आणि सुट्या तिकिटांवरच फिरणार असाल तर मेट्रोच्या तिकिटावर बस बदलता येत नाही. बस-ट्रामचं तिकीट वेगळं, २ युरोंचं.

वयस्क आई-वडील सोबत असतील तर पॅरिसच्या मेट्रोचा फेरविचार करा. जुन्या लाइनींवर जिने फार, लिफ्ट फार थोड्या. चौदा नंबरची लाइन त्याला अपवाद आहे. लंडनची ट्यूबही काही ठिकाणी दमवते, पण तिथल्या सगळ्या बसेस खालच्या पायरीच्या आहेत आणि बसनेच पूर्ण शहर बघता येतं.

बघणं: इथे लंडनला तोड नाही

२००१ च्या डिसेंबरपासून ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहालयांतला कायमचा संग्रह सर्वांना मोफत आहे. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्टरी, सायन्स म्युझियम, दोन्ही टेट कलादालनं. नागरिक असो की पर्यटक, सारखंच. याचा परिणाम नुसता पैशांवर नाही, बघण्याच्या पद्धतीवरही होतो. पाऊस आला म्हणून तास-दीड तास आत जायचं, एकच दालन नीट बघायचं, भूक लागली की निघायचं, उद्या पुन्हा यायचं. तिकीट वसूल करण्याच्या नादात पाय मोडून घ्यावे लागत नाहीत. (वाघनखं बघायला मात्र व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये जाऊ नका. ती २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली.)

सेंट पॉल्स आणि वेस्टमिन्स्टर ॲबी या दोन मोठ्या चर्चची तिकिटं जबर आहेत. पण संध्याकाळच्या ‘इव्हनसाँग’ प्रार्थनेला कुणीही विनामूल्य बसू शकतं. हिंडून बघता येत नाही, पण त्या घुमटाखाली गाणारा वृंद ऐकायला मिळतो. उंचावरून शहर बघायचं तर ‘स्काय गार्डन’ची मोफत वेळ आधी नोंदवा, नाहीतर सरळ प्रिमरोज हिलवर चढा. तिथून थोड्याच अंतरावर १०, किंग हेन्रीज रोड आहे. लंडनमध्ये शिकत असताना १९२१-२२ साली डॉ. आंबेडकर तिथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. लिटल व्हेनिसजवळ १०, हाउली प्लेसवर लोकमान्य टिळकांच्या १९१८-१९ मधल्या वास्तव्याची निळी पाटी आहे, तर हायगेटला क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर सावरकरांची. या दोन घरांत कुणी ना कुणी राहतं, तेव्हा पाटी बाहेरूनच वाचायची. तिन्ही जागा मिळून एक पूर्ण दिवस होतो, खर्च बसच्या भाड्याचा.

पॅरिसची बाजू आता. लुव्रने जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांसाठी तिकीट ३२ युरो केलं. आधी ते सगळ्यांना २२ होतं. व्हर्सायनेही हाच मार्ग धरला. नवरा-बायकोचे नुसते लुव्रचेच ६४ युरो, हे ऐकून अनेकांचा बेत बदलेल, आणि बदलला तर त्यात गैर काही नाही. पण अठरा वर्षांखालच्यांना लुव्र मोफत आहे, कुठल्याही देशाचे असोत. शिवाय जुलै-ऑगस्ट सोडून दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर प्रवेश मोफत, फक्त वेळ आधी नोंदवा. ओर्से संग्रहालय महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत. पहिला शुक्रवार आणि पहिला रविवार एकाच सहलीत गाठता आला, तर पॅरिसचा हिशेबच बदलतो. मंगळवारी लुव्र बंद आणि सोमवारी ओर्से, हेही डोक्यात असू द्या. पाँपिदू केंद्र मोठ्या दुरुस्तीसाठी २०२५ पासून बंद आहे, उघडायला २०३० उजाडेल.

फारसं कुणी सांगत नाही ते हे: पॅरिस महापालिकेच्या संग्रहालयांतला कायमचा संग्रह वर्षभर मोफत असतो. शहराचा इतिहास सांगणारं कार्नावाले, पती पाले, आधुनिक कलेचं संग्रहालय, व्हिक्तोर ह्युगोचं घर. कार्नावालेत फ्रेंच राज्यक्रांतीच्या दालनांनाच अर्धा दिवस द्यावा असं आहे आणि लुव्रसारखी रेटारेटी नाही. आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेल्या नोत्र-दाम चर्चलाही तिकीट नाही. आयफेल टॉवरवर चढायलाच हवं असं नाही. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला तो पाच मिनिटं लुकलुकतो आणि नदीपलीकडच्या त्रोकादेरो चौकातून ते फुकट दिसतं. 

आणि पॅरिस हे मुळात रस्त्यावरचं शहर. सेन नदीच्या काठाने चालत जाणं, बागेतल्या लोखंडी खुर्चीवर बसणं, पुलावर उभं राहणं, यातच निम्मा दिवस सरतो आणि तो वाया गेला असं वाटत नाही. जूनमध्ये तिथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा हे आणखीच परवडतं. डिसेंबरात मात्र लंडन घ्या. चारला अंधार पडला तरी संग्रहालयाच्या आत ऊब आहे.

खाणं

शाकाहारी असाल तर लंडन सोपं. सुपरमार्केटमधल्या सँडविच-खाऊ-पेय अशा ‘मील डील’च्या पाकिटावर शाकाहारी असल्याचं स्पष्ट छापलेलं असतं, युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर दाक्षिणात्य आणि भेळपुरी थाटाची उपाहारगृहं आहेत, वेम्बलीच्या ईलिंग रोडवर गुजराती फरसाण आणि हाउन्सलोत चक्क वडापाव. बसून जेवलात तर बिलात साधारण साडेबारा टक्के सेवाशुल्क जोडलेलं असतं. ते बहुतेक ठिकाणी ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतं.

पॅरिसमध्ये सेवाशुल्क दरातच धरलेलं असतं, वेगळी टीप द्यायलाच हवी असं नाही. जेवताना ‘कराफ द’ओ’ म्हणा, नळाचं पाणी मोफत मिळतं. बाटली मागितली की पैसे. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायली तर टेबलापेक्षा स्वस्त. दुपारी बेकरीतला ‘फॉर्म्युल’, म्हणजे सँडविच, पेय आणि गोड, हा सगळ्यात किफायतशीर मार्ग. पण कीश (अंडं-चीजचा खारा पाय) आणि सॅलडमध्ये ‘लार्दों’ हा शब्द दिसला तर ते डुकराचं मांस आहे. मारे भागातल्या रू दे रोझिए या रस्त्यावर फलाफल (चण्याचे तळलेले वडे) मिळतं, आणि भात-सांबाराची तलफ आलीच तर गार द्यु नोर स्टेशन आणि ला शापेल यांच्या मधल्या श्रीलंकन तमिळ वस्तीत डोसा खा. तो पॅरिसमधल्या इतर कुठल्याही जेवणापेक्षा स्वस्त पडण्याची शक्यता आहे.

दोन्ही करायचं ठरलं तर

व्हिसा दोन काढावे लागतील, पण क्रम नीट लावला तर थोडे पैसे परत येतात. ब्रिटनमधून सुटणाऱ्या विमानावर तिथलं सरकार प्रवासी कर घेतं. भारताच्या अंतरासाठी तो एप्रिल २०२५ पासून इकॉनॉमीतही माणशी ९० पाउंड झाला, सोळा वर्षांखालच्यांना माफ. फ्रान्सचाही असा कर आहे, पण लांबच्या इकॉनॉमी तिकिटावर ४० युरो. तेव्हा मुंबईहून लंडनला उतरा आणि पॅरिसहून परत या, उलटं नको. मधला प्रवास युरोस्टार रेल्वेने सव्वादोन-अडीच तासांचा. दोन-तीन महिने आधी काढलेलं तिकीट आणि आदल्या आठवड्यात काढलेलं तिकीट यांत कित्येक पटींचा फरक पडतो. रात्रीची बस त्याहून स्वस्त, आठ-नऊ तास घेते आणि एका रात्रीचं हॉटेल वाचवते. मुलं किंवा आई-वडील सोबत असतील तर मात्र रेल्वेच घ्या, आणि शक्यतो रविवारी रात्री पॅरिसला पोचा, म्हणजे सोमवारचा नाव्हिगो पूर्ण सात दिवस वापरता येईल.