औसा रस्त्यावरच्या स्टुडिओत दोन दुपारी

स्वतः लिहिलेले गाणे वहीत असेपर्यंत बरे वाटते. ते दुसऱ्याच्या कानांवर घालायचे म्हटले की शब्द पोरकट आणि चाल उसनी भासू लागते. अशी चार वर्षे घालवल्यानंतर मी लातूरच्या औसा रस्त्यावरील एका लहान स्टुडिओत, तासाला ५०० रुपये दराने, दोन दुपारी घेतल्या.

पहिल्या दिवशी हेडफोनमधून स्वतःचा आवाज ऐकला आणि उठून जावेसे वाटले. तेथील ध्वनिमुद्रकांनी समजूत न घालता कारण सांगितले: आपला आवाज आपल्याला हवेतून तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, हाडांतून येणारा खर्जाचा भाग माइकमध्ये उतरत नाही, म्हणून मुद्रित आवाज बहुतेकांना पातळ आणि परका वाटतो. मग त्यांनी माइकपुढे पॉप फिल्टर, म्हणजे ‘प’, ‘फ’ म्हणताना बसणारा हवेचा झोत अडवणारी जाळी, लावला, मला माइकपासून वीतभर अंतरावर उभे केले आणि अंतरा ओळीओळीने घेतला. “ताई, तिसऱ्या टेकमध्ये तुम्ही ‘का रे’च्या जागी चुकून ‘कामून’ म्हणालात, तोच ठेवू,” असे ते म्हणाले. मी नेमका तोच पुसायला सांगणार होते; घरातली बोली गाण्यात शोभत नाही, हा माझा जुना समज.

उणिवाही आहेत. वीज गेल्यावर इन्व्हर्टरच्या गुणगुणीत अर्धा तास वाया गेला आणि त्याचेही पैसे लागले, हे पटले नाही. मिक्सिंगमध्ये, म्हणजे आवाज आणि वाद्ये एकत्र जुळवताना, रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) इतका होता की शब्द विहिरीतून आल्यासारखे वाटत होते. सांगितल्यावर तो कमी केला. पुढचे गाणे तेथेच करणार आहे, मात्र सकाळची वेळ मागून.