कोरडे की ओले? चिंगीच्या ताटलीतील नऊ महिने

चिंगी ही माझी कुत्री सात वर्षांची आहे, तिचे वजन १२ किलो आहे, निर्बीजीकरण झालेले आहे आणि पिल्लू असल्यापासून ती केवळ पाकिटातल्या कोरड्या खाद्याच्या दाण्यांवर वाढलेली आहे. नऊ महिन्यांपूर्वीच्या वार्षिक तपासणीत तिच्या लघवीचे विशिष्ट गुरुत्व १.०४८ निघाले. हा आकडा आजाराचा नव्हता, पण लघवी दाट असल्याचे तो सांगत होता, आणि ती पातळ राहिली तर मूत्राशयात खडे धरण्याची शक्यता कमी होते, म्हणून पशुवैद्यांनी "ओले खाद्य देऊन पाहा" असे सुचवले. या "देऊन पाहा"मधून माझा पुढचा सगळा उद्योग निघाला. सुरुवातीचे तीन आठवडे मी जुनेच कोरडे खाद्य दिले, मात्र सर्व मोजून. त्यानंतर सुमारे अडीच महिने निव्वळ ओले. आणि तेव्हापासून आजपर्यंत दोन्ही मिळून.

पहिली अडचण पाकिटावरच आली. कोरड्या खाद्यावर प्रथिने २५ टक्के लिहिलेली होती आणि ओल्या डब्यावर ९ टक्के, त्यामुळे ओले म्हणजे नुसते रस्सेदार पाणी असा माझा समज झाला. पण कोरड्यात ओलावा ९ टक्के होता आणि ओल्यात ७९. पाणी वजा करून उरलेल्या घन भागावर हिशेब केला तर कोरड्यात ९१ ग्रॅमला २५ ग्रॅम, म्हणजे सुमारे साडेसत्तावीस टक्के प्रथिने पडतात. ओल्यात २१ ग्रॅमला ९ ग्रॅम, म्हणजे जवळपास ४३ टक्के. स्निग्धांशाचेही तसेच: कोरड्यातले १४ टक्के हिशेबाअंती सुमारे १५ टक्के होतात, तर ओल्यातले निरुपद्रवी वाटणारे साडेपाच टक्के थेट २६ टक्क्यांवर जातात. ज्यांच्या कुत्र्याला पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झालेला आहे, त्यांनी हा दुसरा हिशेब आधी करावा; डब्यावरचा छोटा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये.

उष्मांकांचा फरक याहून मोठा आहे. माझ्याकडच्या दाण्यांत १०० ग्रॅमला ३५५ किलोकॅलरी होत्या आणि ओल्या खाद्यात केवळ ९०. चिंगीची दिवसाची गरज पशुवैद्यांनी सुमारे ६४० किलोकॅलरी ठरवून दिली होती. (वजनाचा पाऊण घात काढून त्याला ७० ने गुणले की विश्रांत अवस्थेतली गरज मिळते, १२ किलोला ती साधारण ४५० येते, आणि निर्बीजीकरण झालेल्या, बेताची हालचाल असलेल्या कुत्रीसाठी त्याच्या सुमारे १.४ पट धरतात.) ही गरज १८० ग्रॅम दाण्यांत भागते, तीच ओल्या खाद्यातून भागवायची तर ७१० ग्रॅम लागते. पहिल्या दिवशी ताटलीत एवढा ढीग वाढताना माझा हात थबकला होता. वजनकाट्यावर दोनदा मोजून पाहिले, हिशेब तोच आला.

मात्र या ढिगातच उत्तरही दडलेले होते. १८० ग्रॅम दाण्यांतून चिंगीला जेमतेम १६ मिलिलिटर पाणी मिळत होते, ७१० ग्रॅम ओल्या खाद्यातून सुमारे ५६०. कुत्र्याला दिवसाला किलोमागे अंदाजे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे तिला ६०० ते ७२०. तिच्या पाण्याच्या भांड्यात सकाळी एक लिटर मोजून ओतायचे आणि चोवीस तासांनी उरलेले पुन्हा मोजायचे, असा क्रम मी दोन्ही काळांत आठवडाभर पाळला. (फरशीवर सांडलेले बोळ्याने टिपून पिळून मोजण्याचा प्रयत्नही एकदा केला, तो तपशील सोडून देते.) कोरड्या खाद्यावर ती सरासरी ४८० मिलिलिटर पीत होती, ओल्यावर ८०. वरवर पाहता ओल्या खाद्याने तिचे पाणी तुटले असे वाटते, पण बेरीज केली की कोरड्यावर एकूण ४९६ आणि ओल्यावर ६४० येते. तहान लागली की कुत्रा दाण्यांतली तूट पिऊन भरून काढतो असे सर्रास सांगितले जाते. माझी कुत्री ती पूर्ण भरत नव्हती. दोन महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा विशिष्ट गुरुत्व १.०२६ वर आले होते.

असे असूनही निव्वळ ओल्या खाद्याचे अडीच महिने सुखाचे गेले असे म्हणता येणार नाही, आणि त्यातला निम्मा दोष माझा होता. उघडलेला डबा वाया जाऊ नये म्हणून मी सात ते दहा दिवसांचा बदल तीन दिवसांत उरकला. परिणामी आठवडाभर शी पातळ, दिवसातून चार वेळा, आणि एकदा पहाटे दारापर्यंतही न पोहोचलेली. पुढे मिश्र आहाराकडे येताना पहिल्या दोन-तीन दिवसांत एक चतुर्थांश, नंतर निम्मे, मग तीन चतुर्थांश अशा पायऱ्या घेतल्या आणि पोटाने एकदाही तक्रार केली नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. मधल्या काळात डब्याऐवजी रस्सेदार तुकड्यांचे छोटे पाऊच आणले. चिंगी ते चाटूनपुसून खात असे आणि मीही खूश होते. दोन आठवड्यांनी मागचा बारीक मजकूर वाचला तेव्हा ते "पूरक खाद्य" असल्याचे कळले, म्हणजे पूर्ण आहारासोबत थोडेसे देण्याचे, एकट्याने पोट भरण्याचे नव्हे. अशा खाद्यात जीवनसत्त्वे आणि खनिजे गरजेच्या प्रमाणात असतीलच असे नसते. पाकिटाच्या पुढच्या बाजूला मांसाचे चकचकीत चित्र होते आणि हा एक शब्द मागे, घडीच्या आत. तेव्हापासून कोणतेही ओले खाद्य घेताना मी आधी "पूर्ण व संतुलित" हे शब्द आणि ते कोणत्या वयासाठी आहे एवढेच शोधते. चित्र नंतर पाहते, किंवा पाहतही नाही.

रोजच्या व्यवहारात ओले खाद्य कष्टाचे आहे. उघडलेला डबा झाकून फ्रिजमध्ये ठेवावा लागतो आणि तीन-चार दिवसांत संपवावा लागतो. फ्रिजमधले गार खाद्य चिंगी हुंगून सोडून देत असे, म्हणून त्यात कोमट पाणी कालवावे लागे. अन्न अंगाइतके कोमट झाले की वास सुटतो आणि मग तिला बोलवावे लागत नाही. ताटलीत उरलेले दोन तासांच्या पुढे ठेवायचे नाही, त्यामुळे थोडे खाऊन दुपारी पुन्हा येण्याची तिची जुनी सवय मोडावी लागली. आणि ताटली लगेच धुतली नाही, तर कडेला वाळलेला थर खरवडताना नखे दुखतात.

ओले म्हणजे ताजे आणि कोरडे म्हणजे कारखान्यातले, ही समजूत मात्र मनातून काढून टाकावी. डब्यातले खाद्य बंद करून सुमारे १२१ अंश सेल्सिअसला दाबाखाली शिजवलेले असते. म्हणूनच ते टिकवण्यासाठी वेगळे रसायन लागत नाही. दाणे एक्सट्रूडर या यंत्रातून उष्णतेने आणि दाबाने फुगवून, वाळवून, वरून चरबी व चव फवारून तयार होतात, आणि दाण्याला आकार धरायला स्टार्च लागतो, त्यामुळे त्यात धान्य, डाळ किंवा कंद यांपैकी काहीतरी येतेच. दोन्ही सारखीच प्रक्रिया केलेली खाद्ये आहेत. अमेरिकेत कोरडे खाद्य रुळण्यामागेही कुत्र्यांच्या आरोग्यापेक्षा पत्र्याचा वाटा मोठा आहे: दुसऱ्या महायुद्धात कथलाची टंचाई होऊन डबाबंद खाद्य मागे पडले, आणि १९५७ मध्ये प्युरिनाने एक्सट्रूडरवर केलेले दाणे देशभर बाजारात आणले.

दातांबद्दल लोक हमखास विचारतात. सात वर्षे रोज कडक दाणे चावूनही चिंगीच्या वरच्या दाढांवर पिवळे किटण होतेच. तिला खाताना जवळून पाहिले तर कारण दिसते: दाणा दाढेच्या टोकाला लागताच फुटतो, हिरडीजवळच्या भागाला घासतच नाही, आणि निम्मे दाणे तर ती तसेच गिळते. दातांसाठी मुद्दाम मोठ्या व तंतुमय बनवलेल्या दाण्यांची गोष्ट वेगळी आहे. अशा उत्पादनांची चाचणी पाहून व्हीओएचसी ही पशुदंतवैद्यकातील परिषद आपले चिन्ह देते. साध्या दाण्यांकडून ती अपेक्षा ठेवू नये. ओल्या खाद्याच्या काळात किटण झपाट्याने वाढले असेही मला दिसले नाही. रोज ब्रश करायला लागल्यावर मात्र महिन्याभरात तोंडाचा वास बदलला.

ओल्या खाद्याचा रोजचा व्याप आणि खर्च झेपेना, म्हणून मिश्र आहाराकडे वळले, आणि तिथे सर्वांत बाळबोध चूक केली. दाणे पूर्वीप्रमाणे १८० ग्रॅमच ठेवले आणि वर १०० ग्रॅम ओले केवळ तोंडी लावणे म्हणून दिले. हे तोंडी लावणे रोज ९० किलोकॅलरींचे होते, म्हणजे गरजेच्या सुमारे १४ टक्के. सहा आठवड्यांत वजन १२ वरून साडेबारा किलोवर गेले. मला ते डोळ्यांनी दिसलेच नव्हते. पशुवैद्यांनी माझा हात धरून तिच्या बरगड्यांवर फिरवला, तेव्हा पूर्वी सहज लागणारी हाडे आता दाबल्याशिवाय लागत नव्हती.

आता १२० ग्रॅम दाणे आणि २४० ग्रॅम ओले खाद्य, मिळून सुमारे ६४० किलोकॅलरी, दोन वेळांत विभागून देते. दाणे मापाने नव्हे तर काट्यावर तोलते, कारण एकाच मापात कधी ३८ ग्रॅम बसतात तर कधी ४५. दोन्ही वेळचे मिळून १५० मिलिलिटर कोमट पाणी दाण्यांत घालून दहा मिनिटे ठेवते आणि मग ओले त्यात नीट कालवते; वर नुसते ठेवले तर ती रस्सा चाटून दाणे बाजूला सारते. खाद्यातून आणि कालवणातून ३५० मिलिलिटर पाणी जाते, भांड्यातले ती साधारण ३०० पिते. वजन पुन्हा १२ किलोवर आले असून मागच्या महिन्यात विशिष्ट गुरुत्व १.०३० निघाले.

कोरड्या खाद्याची एक गोष्ट सांगायची राहिली. पूर्वी मी पोते उघडले की दाणे प्लॅस्टिकच्या डब्यात ओतत असे. त्या डब्याच्या आतल्या बाजूला चरबीचा पातळ थर बसून त्याला खवट वास येऊ लागला, आणि नवे दाणे त्याच थरावर पडत राहिले. आता मूळ पिशवीच तोंड गुंडाळून डब्यात ठेवते, त्यामुळे बॅच क्रमांक आणि मुदतही हाताशी राहतात. शिवाय सहा आठवड्यांत संपेल एवढीच लहान पिशवी आणते. मोठी किलोमागे स्वस्त पडते, पण १२० ग्रॅमच्या हिशेबाने तिचा तळ गाठायला चार महिने लागतील, आणि शेवटचे दाणे चिंगी नाक मुरडून तसेच ठेवील.